विमानतळावरचं लाउंज: सभासदत्वाचे पैसे वसूल होतात का?

आजचा विषय तसा छोटा वाटेल, पण खिशाशी थेट संबंध असलेला. बंगळुरू, हैदराबाद, इंदूर, दिल्ली असं नोकरीनिमित्त विखुरलेलं आपलं मराठी माणूस आता पूर्वीपेक्षा जास्त विमानात बसतं. विमानतळावर पोचलं की काचेचं दार दिसतं, आत सोफे, गरम जेवण, चहा-कॉफी. मग प्रश्न येतो: दरवर्षी पैसे भरून या लाउंजचं सभासदत्व घ्यावं का?

मी ते घेतलं होतं. म्हणून आधी माझा हिशेब सांगते, मग तुमचा मांडू.

माझे पंचवीस हजार

मी बंगळुरूत राहते, माहेर नागपूरचं. तीन वर्षांपूर्वी बाबांची हृदयाची शस्त्रक्रिया झाली. वर्षभर माझ्या फेऱ्या चालू होत्या. एवढा प्रवास होणार आहे, तर जरा बसायला-खायला नीट जागा असावी, म्हणून एका योजनेचं वर्षाचं सभासदत्व घेतलं. जवळपास २५ हजार रुपये गेले. दहा वेळा लाउंजमध्ये जायची मुभा होती.

त्या वर्षात मी १६ वेळा विमानात बसले. लाउंजमध्ये किती वेळा गेले? चार. म्हणजे एका वेळच्या बसण्या-खाण्याला सव्वासहा हजार रुपये पडले.

असं का झालं? बंगळुरूहून निघताना मी ऑफिसमधून धावत सुटायची. गाडीतच दीड-दोन तास जायचे आणि आत पोचेपर्यंत विमानात बसायची घोषणा झालेली असायची. नागपूरहून परत निघताना पाय घराबाहेर पडायचा नाही. बाबांच्या उशाशी अजून दहा मिनिटं, अजून पाच मिनिटं, असं करत शेवटच्या क्षणी निघायची. त्या दहा मिनिटांपुढे लाउंजच्या सोफ्याची काय किंमत? सभासदत्व घेताना मी उड्डाणं मोजली होती. मोजायला हवा होता विमानतळावर रिकामा मिळणारा वेळ.

रांगेतली अर्धी तास

दुसरा प्रसंग त्याच वर्षातला. बाबा सावरल्यावर आईला घेऊन मी भावाकडे कोचीला निघाले. एका मोठ्या विमानतळावर विमान बदलायचं होतं, मध्ये तीन तास. आई ७१ वर्षांची, मधुमेहाची, जेवणाआधी इन्सुलिन घेणारी. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "आई, आज बाहेरचं काही घ्यायचं नाही. आपण लाउंजमध्ये बसून जेवू." तिनं प्रसाधनगृहात जाऊन इंजेक्शन घेतलं आणि आम्ही दारापाशी आलो. समोर पंचवीस-तीस माणसांची रांग.

काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, "आत जागा नाही, थांबावं लागेल." माझं सभासदत्व मला एकटीला लागू होतं, आईचे पाहुणी म्हणून वेगळे पैसे पडणार होते. तेही मी मान्य केलं. पण रांग हलेना. दहा मिनिटं, वीस मिनिटं. आई म्हणाली, "काहून एवढं करतेस? समोर इडली दिसते ना!" आणि मी काय म्हणाले? "अगं आई, पैसे भरलेत, येईलच नंबर."

अर्ध्या तासानं तिच्या कपाळावर घाम दिसला. हात थरथरायला लागले. साखर उतरत होती. तिच्याच पिशवीत तिनं घरून आणलेले रव्याचे लाडू होते. तिला खाली खुर्चीवर बसवून दोन लाडू खायला घातले, पाणी दिलं, तेव्हा पंधरा मिनिटांनी ती ठीक झाली. इडलीचं दुकान तिथून वीस पावलांवर होतं.

चूक त्या मुलीची नव्हती. चूक माझी होती. ज्या सोयीचे पैसे आधीच भरलेत ती वापरल्याशिवाय आपल्याला राहवत नाही, आणि त्या नादात समोरचं सरळ उत्तर दिसत नाही. मंडळी, आजच्या बोलण्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: औषधाशी जोडलेलं जेवण लाउंजच्या भरवशावर कधीही ठेवू नका. आधी घास हातात, मग इंजेक्शन.

लाउंजचा धंदा चालतो कसा?

हे लाउंज मुळात निवडक लोकांसाठी होते. अमेरिकन एअरलाइन्सनं १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर 'ॲडमिरल्स क्लब' काढला, तो या कल्पनेचा पहिला नमुना मानतात. पुढे विमान कंपनीशी संबंध नसलेली सभासदत्वं आली. प्रायॉरिटी पास त्यातलं सर्वांत ओळखीचं नाव, १९९२ पासूनचं.

आपल्याकडे मात्र गर्दी सभासदत्वामुळे झाली नाही, ती झाली कार्डांमुळे. बँकांनी क्रेडिट कार्डाबरोबर, अगदी डेबिट कार्डाबरोबरही, लाउंज फुकट द्यायला सुरुवात केली. कार्ड घासलं की दोन रुपये, काही कार्डांवर पंचवीस रुपये कापले जातात आणि दार उघडतं. 'फुकट' म्हणजे आपल्याला फुकट. प्रत्येक माणसामागे लाउंजवाल्याला बँक पैसे देते. माणसं वाढली, जागा तेवढीच राहिली, म्हणून रांगा लागल्या. बँकांचा खर्च वाढला, म्हणून अटी आल्या. एचडीएफसी बँकेनं १ डिसेंबर २०२३ पासून रेगालिया कार्डावर तिमाहीत १ लाख रुपये खर्चाची अट घातली. आयसीआयसीआय बँकेनं १ एप्रिल २०२४ पासून अनेक कार्डांवर आधीच्या तिमाहीत ३५ हजार रुपये खर्चाची अट आणली. तुमच्या कार्डाचे नियम दोन वर्षांपूर्वीचे डोक्यात असतील, तर आजच बँकेच्या ॲपमध्ये तपासा.

शिवाय तुम्ही आणि लाउंज यांच्यामध्ये आणखी एक मध्यस्थ असतो. ड्रीमफोक्स ही अशीच मोठी कंपनी. तिनं सप्टेंबर २०२५ मध्ये देशांतर्गत लाउंजची सेवा बंद केली. कार्ड तेच, लाउंज तेच, पण मधला दुवा गेला की नवी व्यवस्था लागेपर्यंत दारात अडकतो तो प्रवासी. सभासदत्व घेताना वर्षभराची सोय विकत घेतली असं आपल्याला वाटतं. खरं तर आपण एका साखळीवर विश्वास टाकलेला असतो, आणि जागा नसेल तर प्रवेश मिळणार नाही ही अट बहुतेक योजनांत लिहिलेलीच असते.

आता आकडे

उदाहरणासाठी प्रायॉरिटी पासचे अमेरिकेतले जाहीर दर घेऊ. तीन योजना आहेत. पहिली वर्षाला ९९ डॉलर, आणि प्रत्येक वेळी आत जाताना वेगळे ३५ डॉलर. दुसरी ३२९ डॉलर, त्यात दहा वेळा मोफत. तिसरी ४६९ डॉलर, कितीही वेळा. सवलती येत-जात असतात, म्हणून घेण्याआधी त्या दिवशीचा दर बघा. पण गणित असंच मांडायचं.

डॉलर ८८ रुपयांचा धरू. पहिल्या योजनेत वर्षातून तीन वेळा गेलात तर ९९ अधिक १०५, म्हणजे २०४ डॉलर. एका वेळचे ६८ डॉलर, जवळपास सहा हजार रुपये. पहिलीपेक्षा दुसरी योजना परवडायला वर्षात किमान सात वेळा जावं लागतं. दुसरीपेक्षा तिसरी परवडायला किमान पंधरा वेळा. आणि दुसऱ्या योजनेत दहाच्या दहा वेळा वापरल्या, एकही वाया घालवली नाही, तरी एका वेळचे २,९०० रुपये पडतात.

आता हे बघा. देशातल्या प्रवासात बऱ्याच लाउंजमध्ये दारात पैसे भरूनही आत जाता येतं, आणि तो दर साधारण हजार ते अडीच हजारांच्या आसपास असतो. म्हणजे फक्त देशात फिरणाऱ्या माणसानं डॉलरमधलं सभासदत्व घेणं हे घाऊक दुकानात जाऊन किरकोळीपेक्षा महाग घेण्यासारखं आहे. हवं तेव्हा, हवं तेवढंच, दारात पैसे भरून घ्या.

आणखी एक खाचखळगा. काही भारतीय बँका कार्डाबरोबर प्रायॉरिटी पास देतात, पण त्यातल्या अनेक कार्डांवर मोफत भेटी फक्त परदेशातल्या लाउंजसाठी असतात. तोच पास भारतात वापरला तर डॉलरमध्ये शुल्क आणि वर १८ टक्के जीएसटी पुढच्या बिलात येतो. भारतात बँकेचं मूळ कार्ड पुढे करायचं, पास परदेशासाठी ठेवायचा.

आणि लाउंज मिळावं म्हणून कार्डावर खर्च वाढवू नका. घरचा किराणा, वीज, विमा यातून अट आपोआप पुरी होत असेल तर उत्तम. नाहीतर बिल थकलं की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, आणि लाउंजचा चहा जन्मातला सर्वांत महाग चहा ठरतो.

लाउंजशिवाय काय?

पहिलं, घरचा डबा. पोळी-भाजी, धपाटे, लाडू असा कोरडा खाऊ सुरक्षा तपासणीतून नेता येतो. पिण्याचं पाणी आत मोफत मिळतं, रिकामी बाटली न्या.

दुसरं, स्वस्त खाणं. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर 'उडान यात्री कॅफे' सुरू झाला, १० रुपयांत चहा आणि २० रुपयांत समोसा. नंतर चेन्नईसह आणखी काही विमानतळांवरही तो आला. आपल्या विमानतळावर आहे का, ते विचारा.

तिसरं, उशीर झाला तर हक्क. डीजीसीएच्या नियमानुसार अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर वेळेत चेक-इन केलेल्या प्रवाशाला विमान कंपनीनं खाणं-पिणं द्यायचं असतं. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला ही मर्यादा तीन तासांची आहे. काउंटरवर जाऊन शांतपणे मागा.

चौथं, म्हाताऱ्या माणसांसाठी सोफ्यापेक्षा चाकाची खुर्ची जास्त कामाची. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनी प्रवासाच्या ४८ तास आधी विमान कंपनीला कळवावं. आईचे गुडघे दुखतात. खुर्ची मिळाल्यापासून तिला लाउंजची आठवणही येत नाही.

मग घ्यावं कुणी?

ज्याचं महिन्यातून एकदा तरी परदेशात जाणं होतं, मध्ये चार-पाच तास थांबून विमान बदलावं लागतं, अंघोळीची सोय हवी असते, तिथं बसून काम करायचं असतं आणि कंपनी पैसे देत नाही, त्यानं जरूर घ्यावं. रात्री दोन वाजता परक्या विमानतळावर गरम पाण्याची अंघोळ आणि पाठ टेकायला जागा मिळणं ही चैन नाही, ती गरज आहे. वर्षातून दोन वेळा गावी आणि एकदा फिरायला जाणाऱ्या कुटुंबानं घेऊ नये. चौघांच्या घरात एकाचं सभासदत्व म्हणजे तिघं बाहेर, हेही विसरू नका.

नक्की ठरत नसेल तर सोपा उपाय. मागच्या वर्षाची तिकिटं काढा. प्रत्येक प्रवासापुढे लिहा, तपासणी संपल्यावर हातात किती वेळ होता. दीड तासापेक्षा जास्त वेळ किती वेळा होता तेवढंच मोजा. बाकीचे प्रवास खोडा. उरलेला आकडा सातच्या खाली असेल, तर पैसे बँकेत राहू द्या.

माझा आकडा चार आला. मी सभासदत्व पुन्हा घेतलं नाही. आता नागपूरहून निघताना आई डब्यात लाडू देते, एक माझा आणि दोन "रस्त्यात लागतील" म्हणून. ते दोन मी कोचीच्या त्या प्रवासानंतर कधीही नाही म्हटलेले नाहीत.