विजेतेपदं जास्त म्हणजे खेळाडू मोठा?

मायकल जॉर्डनची 6 विजेतेपदं की लेब्रॉन जेम्सची 4? बास्केटबॉलमधला हा वाद नांदगाव-मालवणकडे कबड्डीवरून रंगतो. मग 2019ची प्रो कबड्डी फायनल आठवा. दिल्लीच्या नवीन कुमारने एकट्याने 18 गुण घेतले, तरी बंगालने 39-34 असा विजय मिळवला. तोही दुखापतग्रस्त कर्णधार मणिंदर सिंगशिवाय!

असं का होतं? चढाईपटू बाद झाला की बाहेर बसतो. सहकाऱ्यांनी पकड किंवा चढाईत गुण मिळवला, तरच तो जिवंत होऊन आत येतो. पकडी फसल्या तर आपल्यावर लोण चढतो आणि समोरच्यांना 2 जादा गुण मिळतात.

थोडक्यात, विजेतेपद संघाचं असतं. खेळाडूला जोखताना त्याच्यासोबत मैदानात कोण होतं, हेही बघा.