पस्तीस की त्रेपन्न

शनिवारी दुपारी एकच्या ठोक्याला मी दुर्बीण डोळ्यांना लावतो आणि पुढचे तीन तास नुसते आकडे ओरडत बसतो. कोण धावला, किती यार्ड, कुणी पाडला. शेजारी बसलेला विद्यार्थी ते लॅपटॉपवर बडवत जातो. मान वर करायची त्याला सोय नाही. त्याच्यासाठी मैदानावर तेवढंच घडतं, जेवढं मी ओरडतो.

ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजच्या हिशेब खात्यात मी नोकरीला आहे. इथलं फुटबॉल, म्हणजे अमेरिकी फुटबॉल, तिसऱ्या डिव्हिजनचं. खेळासाठी स्कॉलरशिप कुणालाच नाही, टीव्हीवर सामना नाही, प्रेक्षकांत निम्मे आईबाप. मुंबईत असताना कांगा लीगचे सामने स्कोअर केले होते असं मी एकदा जेवणाच्या सुट्टीत बोलून गेलो आणि पुढच्याच शनिवारी मला प्रेस बॉक्समध्ये नेऊन बसवलं. प्रेस बॉक्स हे भारदस्त नाव. आहे ती स्टँडच्या माथ्यावरची पत्र्याची खोली, पुढे सरकत्या काचा. आत टाळ्या वाजवायच्या नाहीत, कुणाची बाजू घ्यायची नाही. हा नियम मोठ्या स्टेडियमांतही असाच आहे.

क्रिकेटचा स्कोअरर सुखी प्राणी असतो, हे मला इथे येऊन कळलं. कांगा लीगमध्ये पाऊस असायचा, वही भिजायची, पण निर्णय अंपायरचा. त्याने पाय थोपटला की लेगबाय. आपण हात वर करून ‘पोचलं’ म्हणायचं आणि लिहायचं. इथे पंच चेंडू कुठे थांबला ते दाखवतो, दंड सांगतो आणि गप्प बसतो. पाच जणांच्या ढिगाऱ्याखाली जो गाडला गेला त्याला पहिल्यांदा धरलं कुणी, हे जगात कुणीही जाहीर करत नाही. ते काचेमागे बसलेल्या माणसाने ठरवायचं, आणि तेही पुढची चाल सुरू व्हायच्या आत. एकट्याने पाडला तर टॅकल त्याच्या एकट्याच्या नावावर. मिळून पाडला तर ‘असिस्ट’, तोही जास्तीत जास्त दोघांना. ढिगाऱ्यातला तिसरा कितीही घामाघूम झालेला असो, त्याच्या नावावर काही नाही.

यार्डांत अपूर्णांक नसतात. पुढच्या फर्स्ट डाउनला, म्हणजे नव्या संधींसाठी गाठायच्या रेषेला, वीतभर अंतर उरलं तरी कागदावर एक यार्ड. शिवाय कॉलेजात एकाच संघातल्या दोघांना एकच नंबर चालतो, फक्त दोघे एकाच वेळी मैदानात नकोत. म्हणजे चेंडू या बाजूचा त्या बाजूला गेला की डोक्यातली पाटी पुसून नवी यादी मांडायची. मी दोन्ही संघांच्या याद्या पुठ्ठ्यावर चिकटवतो, हल्ल्याचे नंबर निळे, बचावाचे लाल. एवढं करूनही ५ ऑक्टोबर २०२४ला माझी फजिती झाली.

त्या दिवशी आमच्या बचावात ३५ आणि ५३ असे दोन लाइनबॅकर होते. उंची सारखी, सवयही सारखीच, दोघेही चेंडूवर झेपावणारे. आता आपल्या भाषेत एकं आधी आणि दहं नंतर. पस्तीस म्हणताना पाच आधी येतात, त्रेपन्न म्हणताना तीन. इंग्रजीत उलटं. वीस वर्षं इकडे राहूनही माझं मन आकडा मराठीतच वाचतं आणि तोंड त्याचं भाषांतर करतं. चाल पाच-सहा सेकंदांची, त्या घाईत ते उलटसुलट होतं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये मी तीनदा तरी ३५चं ५३ केलं असावं. चूक केली असा संशय येतो तोवर पुढची चाल संपलेली असते.

चारच्या सुमारास सामना संपला. शेवटी क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याने, गुडघा टेकून वेळ काढली. त्यात गमावलेला यार्ड त्याच्या नव्हे, संघाच्या नावावर मांडला. मग कागद छापून ताळा जुळवत बसलो. कोपऱ्यातल्या टीव्हीवर नॅशव्हिलचा सामना लागला होता, पहिल्या क्रमांकाचा अलाबामा आणि व्हँडरबिल्ट. आदल्याच आठवड्यात जॉर्जियाला ४१-३४ हरवून अलाबामा वर चढलेला. व्हँडरबिल्ट अलाबामाशी लागोपाठ २३ सामने हरलेलं, शेवटचा विजय १९८४चा. पहिल्या पाचांत गणल्या जाणाऱ्या संघांशी तोवर ६० सामने आणि एकही जिंकलेला नव्हता. आम्ही आवाज बंद ठेवला होता.

तेरा-शून्य झालं तेव्हा टाइप करणाऱ्या पोराने आवाज वाढवला.

पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. व्हँडरबिल्ट ४०, अलाबामा ३५. पोरांनी गोलपोस्ट उपटून रस्त्याने वाजतगाजत नेऊन कंबरलँड नदीत टाकला, अगदी विसर्जनासारखा. मला मात्र रात्री व्हँडरबिल्टचा क्वार्टरबॅक डिएगो पाव्हिया याचा तक्ता वाचण्यात जास्त रस होता. २० पैकी १६ पास नेमके, २५२ यार्ड, दोन टचडाउन. पण त्याहून सांगण्यासारखा आकडा म्हणजे ४२ मिनिटं ८ सेकंद. साठ मिनिटांच्या खेळात इतका वेळ चेंडू व्हँडरबिल्टकडे होता. तिसऱ्या डाउनला, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नात, १८ पैकी १२ वेळा निभावून नेलं, म्हणून चेंडू राहिला. अलाबामाचा सतरा वर्षांचा रायन विल्यम्स ५८ यार्डांचा टचडाउन करून गेला. मैदानावरचा सर्वांत लखलखीत खेळाडू तोच, पण बाहेर उभं राहून लखलखता येत नाही.

पाव्हियाच्या धावण्यापुढे ५६ यार्ड लिहिले आहेत. ते निव्वळ आहेत. क्वार्टरबॅकला फेकायच्या आधीच आडवा केला तर बुडालेले यार्ड व्यावसायिक एनएफएलमध्ये संघाच्या पासिंगमधून वजा होतात, कॉलेजात त्याच्या स्वतःच्या धावण्यातून. आमच्या खात्यात याला चुकीच्या शीर्षाखाली खर्च टाकणं म्हणतात आणि ऑडिटर त्यावर लाल रेघ मारतो.

त्या शनिवारी पहिल्या अकरांपैकी पाच संघ हरले. अर्कान्सॉने टेनेसीला १९-१४ रोखलं. मिशिगन, यूएससी, मिझुरीही गेले. मायामी कॅलिफोर्नियाशी ३५-१० असं मागे पडून ३९-३८ जिंकलं. ते संपायला आमच्याकडे रविवार उजाडला होता आणि त्यांच्या क्वार्टरबॅकचे, कॅम वॉर्डचे, ४३७ यार्ड मी पांघरुणातून मोजले.

बॉयझी स्टेटच्या ॲश्टन जेंटीचे आकडे पाहून मी वाचताना थांबलो. युटा स्टेटविरुद्ध अवघ्या १३ धावांत १८६ यार्ड, तीन टचडाउन. तो त्या मोसमात २६०१ यार्डांवर थांबला. विक्रम बॅरी सँडर्सचा, १९८८चा, २६२८. सत्तावीस यार्ड कमी पडले. पण सँडर्सचे ते ११ सामन्यांतले. बारावा, मोसमाअखेरचा बाउल सामना, त्यातले २२२ यार्ड धरलेच नाहीत, कारण बाउलचे आकडे मोसमात मिळवायला २००२पासून सुरुवात झाली. जेंटीचे १४ सामन्यांतले, प्लेऑफसकट. जेंटीच्या वेळच्या रीतीने सँडर्सला मोजा, २८५० होतात. लोक यावर तावातावाने भांडतात. मला दोन्ही बाजू पटतात, कारण दोन्ही बेरजा बरोबर आहेत.

सोमवारी सकाळी प्रशिक्षकांकडून चित्रफीत आली. दर सोमवारी येते. ती पाहून दुरुस्त्या करायच्या असतात. मी तिसरा क्वार्टर मागेपुढे करत पाहिला. तीन नव्हे, चार टॅकल चुकीच्या नावावर होते. ३५चे चार ५३कडे गेलेले, आणि शनिवारी रात्री कॉलेजच्या पानावर ५३चा फोटो, खाली ‘बचावातला सर्वोत्तम’. दुरुस्ती पाठवली. फोटो दुपारपर्यंत बदलला.

मंगळवारी फीचा हप्ता भरायला एक आडदांड पोरगा माझ्या खिडकीशी आला. जॅकेटच्या बाहीवर ५३. प्रेस बॉक्समध्ये कोण बसतं हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. ‘गुड मॉर्निंग, सर’ म्हणून त्याने आपला विद्यार्थी क्रमांक सांगितला. मी तो दोनदा विचारून घेतला.