फ्लूवर घरगुती उपाय: काढा, हळदीचं दूध, वाफ यांनी नेमकं काय होतं?

पावसाळा सुरू झाला की घराघरात शिंका आणि खोकला सुरू होतो आणि त्याच सुमारास व्हॉट्सॲप ग्रुपवर उपायही फिरू लागतात. आलं-तुळशीचा काढा, रात्री हळदीचं दूध, खिशात कापराची पुडी, खोलीत चिरून ठेवलेला कांदा. कुणी सांगतं, यानं फ्लू होतच नाही. कुणी सांगतं, झालेला फ्लू दोन दिवसांत पळतो. आणि हे सगळं थोतांड आहे, असं म्हणणारेही असतात.

यातले काही उपाय खरोखर आराम देतात. पण आराम पडणं आणि शरीरातला विषाणू आटोक्यात येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे काही रुग्णांची औषध सुरू करण्याची वेळ निघून जाते.

सर्दी आणि फ्लू यात फरक काय?

साधी सर्दी दोनशेहून अधिक विषाणूंपैकी कशानंही होऊ शकते. ती हळूहळू वाढते. नाक गळतं, घसा खवखवतो, पण माणूस कामावर जाऊ शकतो. फ्लू हा इन्फ्लुएन्झा विषाणूमुळे होतो आणि तो अचानक येतो. सकाळी ठणठणीत असलेला माणूस संध्याकाळपर्यंत तापानं फणफणतो. अंग ठणकतं, डोकं दुखतं, कोरडा खोकला येतो आणि अंथरुणातून उठावंसं वाटत नाही.

महाराष्ट्रात फ्लूचे रुग्ण साधारणपणे दोन वेळा वाढतात: पावसाळ्यात आणि जानेवारी ते मार्चदरम्यान. बहुतेकांचा ताप काही दिवसांत उतरतो आणि आठवड्याभरात बरं वाटतं. खोकला आणि थकवा मात्र दोन आठवडे किंवा त्याहून जास्त रेंगाळू शकतो.

घरगुती उपायांची कीर्ती पसरण्यामागे हेही एक कारण आहे. जो आजार बहुतेक वेळा आपोआप बरा होतो, त्यात तिसऱ्या दिवशी घेतलेल्या काढ्याला पाचव्या दिवशी श्रेय मिळतं. काढा न घेतलेल्या शेजाऱ्याचा तापही त्याच दिवशी उतरलेला असतो, पण त्याचा मेसेज कुणी फॉरवर्ड करत नाही.

कोणत्या उपायांनी खरंच आराम पडतो?

विश्रांती आणि पातळ पदार्थ: सगळ्यात साधा आणि सगळ्यात उपयोगी उपाय हाच. तापात घाम आणि जलद श्वास यांमुळे शरीरातलं पाणी कमी होतं आणि भूक नसल्यानं पोटातही काही जात नाही. अशा वेळी तांदळाची पेज, मऊ भात आणि मेतकूट, कुळथाचं कढण, वरणाचं पाणी, कोंबडीचं सूप, नारळपाणी हे सगळं चालतं. लघवी गडद पिवळी होत असेल किंवा कमी होत असेल, तर पाणी कमी पडतंय असं समजावं.

मध: खोकल्यावर मधाचा उपयोग होतो, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. लहान मुलांच्या खोकल्यावर झालेल्या अभ्यासांत काहीच न देण्यापेक्षा मध दिल्यानं खोकला कमी झाल्याचं आणि झोप बरी लागल्याचं दिसलं. मात्र एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

मिठाच्या पाण्याच्या गुळण्या: पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या केल्या की घशाची सूज आणि खवखव काही काळ कमी वाटते. विषाणू मात्र घशातल्या आणि श्वासमार्गातल्या पेशींच्या आत वाढत असतो. तिथे हे पाणी पोहोचत नाही.

वाफ: चोंदलेलं नाक थोडा वेळ मोकळं वाटतं, इतकाच तिचा फायदा. वाफेनं फुप्फुसातला विषाणू मरत नाही. उलट उकळत्या पाण्याचं पातेलं कलंडून भाजण्याच्या घटना घडतात आणि त्यात मुलांचं प्रमाण मोठं असतं. त्यामुळे लहान मुलांना पातेल्यावर वाकवून वाफ देऊ नये. खारट पाण्याचे नाकात घालायचे थेंब त्यांच्यासाठी जास्त सुरक्षित असतात.

काढा आणि हळदीचं दूध: आलं, तुळस, गवती चहा, मिरी, लवंग यांच्या गरम काढ्यानं घशाला शेक मिळतो, कफ सुटायला मदत होते आणि पोटात पाणीही जातं. हळदीतल्या कर्क्युमिनवर प्रयोगशाळेत बरंच काम झालं आहे. पण काचेच्या नळीत दिसलेला परिणाम शरीरात तसाच होईल असं नसतं, कारण खाल्लेल्या हळदीतलं कर्क्युमिन रक्तात फारच कमी पोहोचतं. काढा किंवा हळदीचं दूध आवडत असेल तर जरूर घ्यावं, पण त्यामुळे फ्लू होणार नाही असं मानू नये.

व्हिटॅमिन सी: याच्या गोळ्या रोज घेतल्यानं सर्वसामान्य माणसांना सर्दी होणं थांबत नाही. जे नियमित घेतात त्यांची सर्दी थोडी लवकर बरी होते. मोठ्यांमध्ये सुमारे ८ टक्के, मुलांमध्ये सुमारे १४ टक्के. म्हणजे मोठ्या माणसाची सात दिवसांची सर्दी जेमतेम अर्धा दिवस आधी आटोपते. आणि हे निष्कर्ष सर्दीचे आहेत, फ्लूचे नाहीत. आवळा, पेरू, लिंबू आहारात असणं चांगलंच, पण ते औषध म्हणून नव्हे.

चक्रीफुलातून फ्लूचं औषध बनतं, हे खरं आहे का?

हो, आणि नैसर्गिक उपायांची मर्यादा समजायला हे चांगलं उदाहरण आहे. गरम मसाल्यात आणि बिर्याणीत पडणाऱ्या चक्रीफुलात शिकिमिक आम्ल असतं. फ्लूवरचं ओसेल्टामिव्हिर हे औषध, म्हणजे टॅमिफ्लू, बनवण्यासाठी हेच आम्ल कच्चा माल म्हणून वापरलं गेलं. २००५ च्या सुमारास बर्ड फ्लूच्या भीतीनं या औषधाची मागणी वाढली, तेव्हा चक्रीफुलाचीही टंचाई झाली होती.

म्हणून चक्रीफुलाचा चहा म्हणजे घरगुती टॅमिफ्लू, असा समज पसरला. पण शिकिमिक आम्ल स्वतः फ्लूच्या विषाणूला रोखत नाही. कारखान्यात त्यावर अनेक टप्प्यांच्या रासायनिक प्रक्रिया होतात आणि मगच औषध तयार होतं. चहात चक्रीफूल उकळून त्यातली एकही प्रक्रिया होत नाही.

नैसर्गिक आहे, मग अपाय कसा होईल?

घोटभर काढ्यानं सहसा काही बिघडत नाही. प्रश्न येतो तो प्रमाणाचा आणि रोज महिनोन् महिने घेण्याचा.

कोरोनाच्या काळात गुळवेलाचं सेवन खूप वाढलं. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती का, हे तपासलेलं नाही आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल अपायकारक असू शकते, असं मंत्रालयाचं म्हणणं होतं. वाद बाजूला ठेवला तरी ग्राहकासाठी बोध एकच: पुडीत नेमकं काय आहे हे ठाऊक नसताना ती रोज घेणं धोक्याचं आहे. यकृताचा आजार असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

काढ्यात सर्रास पडणारं ज्येष्ठमध जास्त दिवस घेतलं तर रक्तदाब वाढू शकतो आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होऊ शकतं. कापूर हुंगल्यानं फ्लू टळतो किंवा ऑक्सिजन वाढतो, याला आधार नाही. आणि तो लहान मुलाच्या पोटात गेला, तर थोड्या प्रमाणातही झटके येऊ शकतात. चिरलेल्या कांद्यानं खोलीतले विषाणू ओढले जात नाहीत. खोलीत फक्त कांद्याचा वास राहतो.

मग फ्लू टाळायचा कसा?

फ्लू मुख्यतः खोकण्या-शिंकण्यातून आणि जवळून बोलण्यातून उडणाऱ्या थेंबांतून पसरतो. त्यामुळे प्रभावी उपायही तिथेच आहेत.

- साबणानं हात धुवावेत आणि न धुतलेले हात नाका-डोळ्यांना लावू नयेत.
- घरात आजारी माणूस असेल तर खिडक्या उघड्या ठेवाव्यात. त्यानं आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्यानं मास्क लावावा.
- ताप असताना शाळेत, ऑफिसात किंवा लग्नकार्यात जाऊ नये. लक्षणं दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस रुग्णाकडून संसर्ग होऊ शकतो.
- फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू बदलत राहतो. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून ती पावसाळ्याच्या आधी घेतलेली बरी. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण तो गंभीर होण्याचा धोका कमी होतो.

घरी किती थांबायचं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १०० कोटी लोकांना फ्लू होतो. त्यातले ३० ते ५० लाख रुग्ण गंभीर होतात आणि श्वसनाच्या गुंतागुंतीमुळे २.९ ते ६.५ लाख जणांचा मृत्यू होतो. महाराष्ट्रानं याचा अनुभव घेतला आहे. ऑगस्ट २००९ मध्ये भारतातल्या स्वाइन फ्लूच्या पहिल्या मृत्यूची नोंद पुण्यात झाली. त्याच एच१एन१ विषाणूचे वंशज आज नेहमीच्या हंगामी फ्लूचा भाग आहेत.

ओसेल्टामिव्हिरचा सर्वाधिक फायदा लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केल्यास होतो. म्हणून गरोदर स्त्रिया, पाच वर्षांखालची मुलं, ६५ वर्षांवरचे ज्येष्ठ आणि मधुमेह, दमा, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले यांनी काढ्याचा गुण येण्याची वाट न पाहता पहिल्या-दुसऱ्या दिवशीच डॉक्टरांकडे जावं. हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यावं. अँटिबायोटिक फ्लूच्या विषाणूवर काम करत नाही. मुलांना तापासाठी ॲस्पिरिन देऊ नये.

पुढचं काहीही दिसलं तर कुणीही लगेच रुग्णालय गाठावं:

- धाप लागणं, छातीत दुखणं
- ओठ किंवा नखं निळसर पडणं
- गुंगी येणं, बोलण्यात असंबद्धता
- कमी झालेला ताप आणि खोकला पुन्हा उसळणं
- बाळानं दूध न पिणं, वेगानं श्वास घेणं, लघवी न होणं

बाकीच्यांनी घरी पेज प्यावी, गुळण्या कराव्यात, भरपूर झोपावं. पण तीन दिवसांनंतरही ताप उतरत नसेल, तर तो अंगावर काढू नये.