हेलिकॉप्टर हवेत थांबवायचंय? आधी जॉयस्टिक लावून घ्या

उमरग्यात घरी बसून फ्लाइट सिम्युलेटरवर विमान चालवणारे हेलिकॉप्टर हाती घेतात आणि पहिल्याच मिनिटाला गडबडतात. यंत्र थोडं वर उचललं की डावीकडे कलतं, आपण उजवीकडे ओढतो, ते दुप्पट उजवीकडे जातं आणि तिसऱ्या झोक्याला पंखा जमिनीत. दोष बहुतेक वेळा हाताचा नसतो. खऱ्या हेलिकॉप्टरचा दांडा पायांच्या मधून वर आलेला, लांब असतो. आपली जॉयस्टिक वीतभर. तिथे बोटभर हलवल्यावर जे होतं, ते इथे नखभर हलवल्यावरच होतं.

सुरुवात सिम्युलेटरच्या बाहेर करा. विंडोजमध्ये गेम कंट्रोलरची चाचणीची खिडकी उघडा. चौकटीत अधिकचं चिन्ह दिसेल. जॉयस्टिकला हात न लावता ते थरथरत असेल, तर आत धूळ गेलीय किंवा भाग झिजलेत. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ हमखास शिरते.

आता डेड झोन, म्हणजे दांडा हलला तरी यंत्र दुर्लक्ष करतं तो मधला पट्टा. तो थरथर जेमतेम झाकेल इतकाच ठेवा. तीन-चार टक्के पुष्कळ झाले. 'स्थिर राहील' म्हणून पंधरा टक्के ठेवणं ही सर्वांत नेहमीची चूक. मग हात हलतो, काहीच होत नाही, आणि पट्टा संपताच यंत्र उसळतं.

यानंतर सायक्लिक, म्हणजे पुढे-मागे, डावी-उजवीकडे नेणारा दांडा. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये त्याची सेन्सिटिव्हिटी उणे 30 करून पाहा. आलेखातली रेघ मध्यापाशी आडवी होते, टोकांना उभी चढते. हवेत एका जागी थांबताना हात मध्यापाशीच काम करतो, म्हणून नरमाई तिथे हवी. मात्र उणे 70 वर जाऊ नका: मध्य बधिर होतो आणि जरा पुढे गेलं की एकदम तिखट.

कलेक्टिव्ह, म्हणजे वर-खाली नेणारा दांडा. आपल्याकडे बहुधा थ्रॉटलची पट्टीच ते काम करते. तिची रेघ सरळच राहू द्या. पट्टी उलटी चालत असेल तर दिशा उलटवण्याची खूण करा.

पेडल नसतील तर जॉयस्टिक पिळून शेपूट वळवावी लागते. पिळताना दांडा नकळत कलतो, म्हणून इथे उणे 40 पर्यंत गेलात तरी चालेल. कलेक्टिव्ह वाढवताच बेल 407 या हेलिकॉप्टरचं नाक उजवीकडे वळू पाहतं, कॅब्री जी 2 चं डावीकडे, कारण दोघांचे पंखे उलट दिशांनी फिरतात. हा बिघाड समजून सेटिंग बदलत बसू नका.

बसायची पद्धतही महत्त्वाची. जॉयस्टिक मांड्यांमध्ये धरा, कोपरापुढचा हात मांडीवर टेकवा, मूठ न आवळता अंगठा आणि दोन बोटांनी धरा. मला यानेच सर्वांत जास्त फरक पडला.

चाचणी अशी करा: दहा फुटांवर थांबा, नजर लांबच्या झाडावर ठेवा, यंत्राखाली नको. हेलिकॉप्टर उशिरा प्रतिसाद देतं. थोडं हलवा, लगेच परत आणा, वाट पाहा. तरीही झोके वाढतच गेले तर सेन्सिटिव्हिटी पाचने उतरवा. एका वेळी एकच आकडा बदला, नाहीतर कशाने सुधारलं तेच कळत नाही.

जमलं की हे सेटिंग हेलिकॉप्टरच्या वेगळ्या नावाने जतन करा. विमानाला ते सुस्त वाटेल. मग सोलापूरच्या धावपट्टीवरून उठा आणि हैदराबादचा महामार्ग खाली ठेवून पूर्वेकडे निघा. वाटेत नळदुर्गाला बोरी नदीच्या वळणावर थांबून पाहा. तिथे मिनिटभर स्थिर राहिलात, तर उमरग्यापर्यंतचा पल्ला निवांत होईल.