टेक्निकल कॉलेजचं डिस्ट्रिक्ट आणि आपले आमदार : विस्कॉन्सिनमध्ये नेमकं कोणाला विचारायचं?

आजचा विषय ऐकायला रुक्ष वाटेल, पण तो तुमच्या खिशाशी जोडलेला आहे. विस्कॉन्सिनमध्ये ज्यांचं स्वतःचं घर आहे त्यांनी डिसेंबरमध्ये येणारं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल डोळ्यांसमोर आणावं. त्यात काउंटी असते, गाव किंवा शहर असतं, शाळेचं डिस्ट्रिक्ट असतं आणि आणखी एक ओळ असते टेक्निकल कॉलेजची. बहुतेक लोक ही ओळ वाचून पुढे जातात. आपण आज तिथेच थांबणार आहोत. हा कर कोण ठरवतं, त्याच्यावर मर्यादा कोण घालतं, आणि या कॉलेजच्या वतीने राज्याच्या विधिमंडळात कोण बसतं, हे शोधायचं कसं, एवढंच आजचं काम.

डिस्ट्रिक्ट म्हणजे काय?

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाचा इथे पहिला गोंधळ होतो. आपल्याकडे सरकारी तंत्रनिकेतन म्हटलं की ते मुंबईच्या तंत्रशिक्षण संचालनालयाखाली येतं. तंत्रनिकेतनाला स्वतःची हद्द नसते आणि त्या हद्दीतल्या घरांवर कर बसवायचा अधिकारही नसतो. विस्कॉन्सिनमध्ये तसं नाही. इथे संपूर्ण राज्य १६ टेक्निकल कॉलेज डिस्ट्रिक्टमध्ये वाटलेलं आहे. तुमचं घर राज्यात कुठेही असो, ते या सोळांपैकी एकात असतंच, आणि त्या डिस्ट्रिक्टच्या मंडळाला तुमच्या घरावर कर लावण्याचा अधिकार असतो.

याची मुळं १९११ सालात आहेत. व्यवसायशिक्षणाची राज्यभराची व्यवस्था कायद्याने उभी करणारं विस्कॉन्सिन हे अमेरिकेतलं पहिलं राज्य. त्या कायद्यामागे चार्ल्स मॅकार्थी नावाच्या माणसाचा मोठा हात होता. हे गृहस्थ विधिमंडळाच्या संदर्भ ग्रंथालयाचे प्रमुख होते. कामाला लागलेल्या पोरांना शिक्षण मिळावं म्हणून त्यांनी जर्मनीतल्या शाळांचा अभ्यास केला होता. त्यांचं नाव लक्षात ठेवा, कारण त्यांच्या ग्रंथालयाचा आजचा वारसदार विभाग शेवटी आपल्या उपयोगी पडणार आहे.

मंडळ निवडून येत नाही

आता खरी गोम इथे आहे. शाळेचं मंडळ आपण मतदानाने निवडतो, काउंटीचं मंडळही निवडतो. टेक्निकल कॉलेजचं मंडळ मात्र नेमलेलं असतं. साधारणपणे नऊ सदस्य असतात : दोन मालकवर्गाचे, दोन कामगारवर्गाचे, एक शाळा डिस्ट्रिक्टचा प्रशासक, एक निवडून आलेला लोकप्रतिनिधी आणि तीन इतर. मिल्वॉकीची रचना थोडी निराळी आहे. बहुतेक ठिकाणी हद्दीतल्या काउंटी मंडळांचे अध्यक्ष एकत्र बसून नेमणूक करतात, तर काही ठिकाणी शाळा मंडळांचे अध्यक्ष.

म्हणजे काय, तर तुमच्यावर कर लावणारे लोक तुमच्यासमोर मत मागायला कधीच येत नाहीत. मग जबाबदारी विचारायची कोणाला? एक वाट काउंटी मंडळातून जाते, कारण नेमणूक तिथून होते. दुसरी आणि मोठी वाट मॅडिसनच्या विधानभवनातून जाते. मंडळाचे अधिकार राज्याच्या कायद्याने ठरतात. दैनंदिन खर्चासाठीचा कर वर्षाला किती वाढवता येईल, हेही राज्याचा कायदाच सांगतो : हद्दीत नवं बांधकाम जेवढं वाढलं, त्या प्रमाणात. राज्याचं अनुदान किती, हे विधिमंडळाचं अंदाजपत्रक ठरवतं.

याचं उदाहरण फार जुनं नाही. मार्च २०१४ मध्ये विधिमंडळाने एका कायद्याने टेक्निकल कॉलेजांना ४० कोटी ६० लाख डॉलर राज्याच्या तिजोरीतून द्यायचं ठरवलं आणि तेवढाच प्रॉपर्टी टॅक्स कमी करायला लावला. राज्यभरात बिलावरची ती ओळ साधारण निम्म्यावर आली. स्थानिक मंडळांनी काही ठरवलं नव्हतं, निर्णय आमदारांचा होता. म्हणून आपले आमदार कोण, हे माहीत असावं लागतं.

९९ आणि ३३ चं गणित

विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाची दोन सभागृहं आहेत. असेंब्लीत ९९ सदस्य, मुदत दोन वर्षं. सिनेटमध्ये ३३ सदस्य, मुदत चार वर्षं. महाराष्ट्रात लोकसभेच्या एका मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ बसतात, हे आपल्याला माहीत आहे. इथेही तशीच मांडणी आहे, फक्त सहाच्या जागी तीन. असेंब्लीचे १, २, ३ मिळून सिनेटचा १ ला. ४, ५, ६ मिळून २ रा. असं ओळीने ३३ पर्यंत.

त्यामुळे एक सोपी युक्ती मिळते, बरं का. असेंब्लीचा क्रमांक कळला की त्याला तीनने भागायचं आणि बाकी उरली तर वरचा आकडा धरायचा. असेंब्ली ७६ असेल तर सिनेट २६. असेंब्ली ४८ असेल तर सिनेट १६. एक क्रमांक शोधला की दुसरा आपोआप हाती येतो.

रेषा जुळत का नाहीत?

आता कोणी विचारेल, मग कॉलेजच्या डिस्ट्रिक्टचा आमदार अमुक एक, असं सरळ का सांगता येत नाही? कारण दोन्ही हद्दी वेगवेगळ्या कारणांसाठी आखलेल्या आहेत.

कॉलेजची हद्द मुख्यतः शाळा डिस्ट्रिक्टच्या हद्दींवरून जाते आणि ती क्वचित बदलते. विधिमंडळाच्या मतदारसंघाला मात्र समान लोकसंख्या लागते. २०२० च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ५८ लाख ९३ हजारांच्या वर होती. तिला ९९ ने भागलं की एका असेंब्ली मतदारसंघाला सुमारे ५९,५०० माणसं येतात. दर दहा वर्षांनी माणसं हलतात आणि रेषाही हलतात. या वेळी तर मध्येच हलल्या : मतदारसंघ सलग असले पाहिजेत आणि असलेले तसे नाहीत, असा निकाल डिसेंबर २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नवा नकाशा कायदा झाला.

गेटवे टेक्निकल कॉलेजचं उदाहरण घेऊ. त्याची हद्द म्हणजे ढोबळमानाने केनोशा, रेसीन आणि वॉलवर्थ या तीन काउंटी. २०२० मध्ये तिन्ही मिळून सुमारे ४ लाख ७३ हजार लोक होते. म्हणजे नुसत्या लोकसंख्येच्या हिशोबाने आठ असेंब्ली सदस्य. पण असेंब्लीचे मतदारसंघ काउंटीच्या सीमेवर थांबतात असं नाही, त्यामुळे अर्धे आत, अर्धे बाहेर असेही काही धरावे लागतात आणि यादी आठवर राहत नाही. तीन काउंटींचं हे, तर मॅडिसन कॉलेजची हद्द बारा काउंटींमध्ये पसरलेली आहे. तिथली यादी किती लांबत असेल, तुम्हीच बघा.

शोधायचं कसं?

पहिली पायरी स्वतःपुरती. कॉलेजचं नाव टॅक्सच्या बिलावर आहे. भाड्याने राहत असाल तर घराचं शाळा डिस्ट्रिक्ट विचारा, त्यावरून कॉलेज कळतं. मग राज्य विधिमंडळाच्या संकेतस्थळावर आपला पूर्ण पत्ता टाका. तुमचा असेंब्ली सदस्य आणि सिनेटर, दोघांची नावं येतात. मतदारांनी राज्य निवडणूक आयोगाच्या 'माय व्होट विस्कॉन्सिन' या संकेतस्थळावर पत्ता टाकला तरी मतदारसंघ कळतो.

यात तीन ठिकाणी पाय घसरतो, तेवढं सांभाळा.

एक, पत्त्यातलं गावाचं नाव हे पोस्टाचं असतं. पत्त्यावर शहराचं नाव असलं तरी घर शेजारच्या 'टाउन' किंवा 'व्हिलेज'मध्ये असू शकतं. नुसत्या झिप कोडवर विसंबू नका, झिप कोडही मतदारसंघांना कापून जातो.

दोन, शहर आणि शाळा डिस्ट्रिक्ट एकच असतं असं समजू नका. मॅडिसन शहराच्या हद्दीतली काही घरं व्हेरोनाच्या शाळा डिस्ट्रिक्टमध्ये आहेत, काही मिडलटनच्या.

तीन, यादीचं साल बघा. फेब्रुवारी २०२४ पूर्वी केलेली यादी आता चालणार नाही, मग ती कितीही सुबक छापलेली असो. सिनेटमध्ये आणखी एक बारकावा आहे. नव्या नकाशावर २०२४ मध्ये फक्त सम क्रमांकाच्या सिनेट मतदारसंघांत निवडणूक झाली. विषम क्रमांकांचे सिनेटर २०२२ मध्ये जुन्या नकाशावर निवडून आले, आणि त्यांची नव्या नकाशावरची पहिली निवडणूक नोव्हेंबर २०२६ ची.

दुसरी पायरी संपूर्ण डिस्ट्रिक्टची यादी. हे काम विद्यार्थी संघटना, पालक, छोटे उद्योजक, कोणीही करू शकतं. कॉलेजच्या हद्दीतली शाळा डिस्ट्रिक्ट आधी लिहून काढा. प्रत्येकात कोणती शहरं, गावं, टाउन येतात ते लिहा. मग प्रत्येकासमोर असेंब्लीचा क्रमांक मांडा आणि तीनने भागून सिनेटचा. संगणकाची सवय असलेल्यांना हद्दींच्या फायली विधिमंडळाच्या तंत्रज्ञान विभागाकडून मिळतात, त्या एकावर एक ठेवून बघता येतात. नकाशे आणि सदस्यांची माहिती एका जागी हवी तर 'विस्कॉन्सिन ब्लू बुक' उघडा. मॅकार्थींच्या ग्रंथालयाचा आजचा अवतार, म्हणजे विधिमंडळाचा संदर्भ विभाग, दर दोन वर्षांनी ते काढतो. आणि थेट कॉलेजलाही विचारा. विधिमंडळाशी संबंध ठेवणारं कोणीतरी कॉलेजात असतंच, आणि त्यांच्याकडे ही यादी बहुधा तयार असते.

यादीत एक रकाना जरूर ठेवा : मतदारसंघ पूर्ण आत आहे की थोडाच. ज्याचा मतदारसंघ सगळाच्या सगळा हद्दीत आहे, त्याला हे कॉलेज घरचं वाटतं. ज्याचा एक कोपरा येतो, त्याला त्या कोपऱ्यातल्या माणसांनी आठवण करून द्यावी लागते.

यादी हातात आली, पुढे काय?

कोणता प्रश्न कोणाचा, हे आधी वेगळं करा. अमुक अभ्यासक्रम का बंद झाला, हा प्रश्न कॉलेजच्या मंडळाला विचारा. अभ्यासक्रमांची फी सोळाही कॉलेजांत एकसारखी असते आणि ती राज्याचं टेक्निकल कॉलेज मंडळ ठरवतं. त्यातले बहुतेक सदस्य गव्हर्नर नेमतात. अनुदान, कराची मर्यादा आणि मंडळ नेमण्याची पद्धत, हे तीन विषय मात्र आमदारांचे.

वेळ साधणंही महत्त्वाचं. राज्याचं अंदाजपत्रक दोन वर्षांचं असतं. विषम सालाच्या सुरुवातीला गव्हर्नर ते मांडतात. मग संयुक्त अर्थ समिती त्यावर बसते, आठ सिनेटर आणि आठ असेंब्ली सदस्य, एकूण सोळा. वसंतात ही समिती राज्यात ठिकठिकाणी जाहीर सुनावण्या घेते, आणि नवं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. तुमच्या यादीतलं एखादं नाव या सोळांत असेल तर त्याच्याखाली रेघ मारून ठेवा. सप्टेंबरमध्ये पाठवलेलं पत्र कितीही चांगलं असलं तरी त्या वर्षीच्या पैशापुरतं उशिरा पोहोचलेलं असतं.

शेवटी एक शंका आमच्याकडे वारंवार येते : आम्ही अजून नागरिक नाही, मत नाही, मग आमदार आमचं का ऐकेल? मत नागरिकांनाच आहे, हे खरं. पण कर सगळेच भरतात, आणि लोकसंख्या मोजून मतदारसंघ आखताना तुम्हालाही मोजलेलं असतं. पत्र लिहायला किंवा सुनावणीत बोलायला नागरिकत्व लागत नाही. पत्रात आपला पत्ता, कॉलेजचं नाव आणि बिलावरचा आकडा लिहा. बिलावर राज्याकडून त्या कॉलेजला मिळणाऱ्या अंदाजे अनुदानाचा आकडाही छापलेला असतो, तोही लिहा. असं चार ओळींचं पत्र कोणत्याही आमदाराच्या कचेरीत वाचलं जातं, कारण हा माणूस आपल्या हद्दीतला आहे आणि त्याने बिल नीट वाचलेलं आहे, हे त्यांना पहिल्याच ओळीत कळतं.