बदललेल्या गुडघ्यात पू झाला तर गोळ्या मध्येच सोडू नका

गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया आता आपल्या वाड्यांना नवी राहिलेली नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली. जन्मभर लावणीला वाकलेल्या, डोक्यावर चिरे वाहिलेल्या आयाबायांचे गुडघे झिजतात आणि मग ओरोस, बांबोळी किंवा मुंबई गाठावी लागते. बहुतेकांना आराम पडतो. पण शंभरात एक-दोघांच्या नव्या सांध्यात जंतू शिरतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आम्ही हे लिहीत आहोत.

जंतू चिवट का होतात?

धातूला रक्तपुरवठा नसतो. त्यामुळे रक्तातून येणारे औषध तिथे नीट पोहोचत नाही. जंतू धातूवर चिकट थर करून बसतात, विहिरीच्या पायरीवर शेवाळ धरावे तसे. नुसते पाणी ओतून शेवाळ जात नाही, ते घासावे लागते. म्हणून नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. संसर्ग ताजा असेल तर डॉक्टर सांधा उघडून धुतात आणि आतला प्लास्टिकचा भाग बदलतात. जुना असेल तर बहुधा सांधाच काढून नवा बसवावा लागतो. त्यानंतर सुरू होतो अँटिबायोटिकचा लांब कोर्स.

किती दिवस?

फ्रान्समध्ये चारशेहून अधिक रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा आठवडे औषध घेतलेल्यांपैकी सुमारे १८ टक्के जणांत संसर्ग टिकून राहिला, तर बारा आठवडे घेतलेल्यांत सुमारे ९ टक्के. दुखणे तिसऱ्या आठवड्यात थांबले तरी थरात दडलेले जंतू जिवंत असू शकतात. मध्येच सोडलेल्या कोर्सची किंमत पुन्हा शस्त्रक्रिया, कधी कायमचे अपंगत्व अशी मोजावी लागते. वय किंवा इतर आजारांमुळे पुन्हा शस्त्रक्रिया झेपणार नसेल, तर काही जणांना संसर्ग दाबून ठेवण्यासाठी वर्षानुवर्षे गोळी घ्यावी लागते.

एक दिलासाही आहे. ब्रिटनमध्ये हजारावर रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. हाडासांध्यांच्या संसर्गात नीट निवडलेल्या गोळ्या शिरेतून दिलेल्या औषधाइतक्याच उपयोगी पडतात, असे त्यात दिसले. म्हणजे अनेकांना आठवडेच्या आठवडे दवाखान्यात न राहता घरी राहून उपचार घेता येतात. मात्र गोळी वेळेवर घेण्याची जबाबदारी मग घराची.

घरच्यांनी काय पाहावे?

टीबीच्या उपचारातले रिफाम्पिसिन इथेही वापरतात. त्याने लघवी नारिंगी होते, घाबरू नका. ते एकटे कधी घ्यायचे नसते, कारण जंतू त्याला लवकर सरावतात. साखरेच्या, रक्त पातळ करण्याच्या आणि गर्भनिरोधक गोळ्यांवर त्याचा परिणाम होतो. चालू असलेली सगळी औषधे पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. डोळे पिवळे झाले, अंगावर पुरळ आले किंवा उलट्या थांबत नसतील तर लगेच दाखवा.

गुडघा पुन्हा सुजला, ऊन लागू लागला, जखमेतून पाणी येऊ लागले तर मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणू नका. आधी सांध्यातले पाणी काढून तपासावे लागते. गोळी आधीच पोटात गेली, तर कोणता जंतू आहे ते तपासणीत सापडत नाही आणि पुढचे औषध अंदाजाने द्यावे लागते. ज्या पाकिटावर तांबडी रेघ असते ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नसते.

पावसात चिखल्या, पायाची जखम, दाताचा पू, लघवीची जळजळ अंगावर काढू नका. तिथले जंतू रक्तातून वर्षांनंतरही सांध्यात पोहोचू शकतात.

खर्चामुळे कोर्स तुटू नये म्हणून दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसते ते विचारा. जनऔषधी केंद्रातही चौकशी करा. शस्त्रक्रियेचे कागद जपून ठेवा. आणि गोळी परवडत नसेल तर ती गुपचूप बंद करू नका. डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. त्यात लाज कसली?