मुरगळलेला घोटा

पायरी चुकते किंवा खळग्यात पाऊल पडते आणि तळवा आत वळून घोटा मुरगळतो. हाड मोडले नाही एवढे कळले की बहुतेक लोक निश्चिंत होतात. परंतु घोट्याचे स्थैर्य केवळ हाडांवर अवलंबून नसते. हाडांना परस्परांशी बांधून ठेवणाऱ्या चिवट, तंतुमय पट्ट्यांना अस्थिबंध म्हणतात. घोट्याच्या बाहेरील बाजूस असे तीन अस्थिबंध असून त्यांपैकी पुढचा बहुधा सर्वांत आधी ताणला जातो किंवा तुटतो.

अस्थिभंगाची शंका फेडण्यासाठी कॅनडातील ऑटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये साधे नियम मांडले. घोट्याच्या दोहों बाजूंच्या हाडांच्या टोकावर किंवा मागील कडेच्या खालच्या ६ सेंटीमीटर भागावर दाबल्यास दुखत असेल, अथवा दुखापत होताच व तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर क्ष-किरण चित्र घ्यावे. मात्र साध्या क्ष-किरण चित्रात अस्थिबंध दिसत नाहीत. टाच धरून पाऊल पुढे ओढले असता सांधा कितपत सैल झाला आहे हे डॉक्टरांना समजते; परंतु आरंभीच्या सुजेमुळे ही परीक्षा फसवी ठरू शकते. चार-पाच दिवसांनी ती पुन्हा केल्यास निदान अधिक खात्रीचे होते.

पहिले दोन-तीन दिवस पायास विश्रांती द्यावी, तो उंच ठेवावा, कापडात गुंडाळलेल्या बर्फाने शेकावा आणि घट्ट पट्टी बांधावी. या काळात चोळू नये. पुढे आधाराचा पट्टा बांधून लवकर चालू लागणे हे दीर्घकाळ प्लास्टरमध्ये राहण्यापेक्षा सामान्यतः हितावह असते.

तरीही काहींचा घोटा वारंवार मुरगळतो. याचे एक कारण ब्रिटिश शल्यचिकित्सक फ्रीमन यांनी १९६५ मध्ये पुढे आणले. अस्थिबंधांत चेतातंतूंची टोके असतात व पाऊल कसे पडले आहे याची वार्ता ती मेंदूस देतात. दुखापतीने ही जाणीव मंदावली, की स्नायू वेळेवर आवळले जात नाहीत. म्हणून वेदना शमताच उपचार संपले असे मानू नये. आधार हाताशी ठेवून एका पायावर तोल सांभाळणे, पुढे तेच डोळे मिटून करणे आणि पोटरीचे स्नायू बळकट करणे, असा व्यायाम कित्येक आठवडे करावा लागतो. अनेक महिन्यांच्या व्यायामानेही गुण न आल्यास शस्त्रक्रियेचा विचार करतात. सैल अस्थिबंध आखडून शिवण्याची जी पद्धत आज रूढ आहे, तिचा पाया स्वीडनमधील ब्रॉस्ट्रॉम यांनी १९६६ मध्ये घातला.